अंगणातल्या तरवडास वेढा पडिला त्याची हकिकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. आधी भूमीस नमन, मग भूमीतून जे आपल्या बुद्धीने उगवते त्यास नमन, आणि मग त्या ओट्यास नमन की ज्यावर बसून आम्ही हे सर्व पाहिले. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, ते साली पर्जन्याने या मुलखाकडे पाठ फिरविली. मृगाने हूल दिली, आर्द्रा कोरड्या गेल्या, हस्ताचा हत्ती दुरून सोंड हालवून परत फिरला, आणि मग नगरीत नळास पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येऊ लागले, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि प्रजा बादल्या मांडून वाट पाहू लागली. आमच्या भिंतीस भिंत लागून एक राज्य आहे. राज्य म्हणजे चार खोल्या, वर गच्ची, आणि पुढे दीड गुंठा अंगण. राज्याच्या राजमातोश्री मथुराबाईसाहेब, वय सत्तरीपार, बांधा लहान, आवाज मोठा. त्यांचे यजमान थोरले महाराज नागनाथराव, हयातभर लाल एस.टी. गाड्यांच्या सरकारात सुटण्या-पोहोचण्याचे हुकूम सोडीत होते, आणि भोंग्यांनी कान गेले ते गेलेच. पुत्र राजशेखर कारभार पाहात, आणि सूनबाई सुवर्णाबाई यांजकडे पाण्याचे खाते, जे त्या साली खजिन्याहून थोर होते.

मथुराबाईसाहेब आणि आम्ही या वसाहतीत एकाच वर्षी आलो. तेव्हा येथे वसाहत कोठली, उघडे माळरान होते, आणि माळरानावर दृष्टी जाईल तेथवर तरवड. कमरेइतके झुडूप, चिंचेसारखी बारीक पानांची पाती, आणि फुलले म्हणजे फांदीच्या शेंड्यास पिवळ्या फुलांचे घोस, ऐसे की डोंगरास हळद लागली. शेळ्या त्यास तोंड लावीत नसत, कातडी कमावणारे साल काढून नेत, मेंढके काडी मोडून दात घाशीत, आणि त्यास पाणी कोणी घातलेले आम्ही कधी पाहिले नाही. मग वसाहत वसली, पाये खणले गेले, आणि पहिल्या कुदळीने तरवडच उपटले, कारण ते झाड आहे ऐसे कोणास वाटलेच नाही. त्या जागी मोगरा आला, जास्वंद आली, गावठी गुलाब आला, ऐशी सर्व मानकरी मंडळी मथुराबाईसाहेबांनी आपल्या अंगणात वसविली आणि चाळीस वर्षे पाणी पाजून पोसली. दुष्काळ पडताच आधी गुलाब पडला, मग मोगरा, आणि जास्वंदीने माघापावेतो तग धरून मान टाकिली. अंगण उघडे पडले, धूळ घरात येऊ लागली, आणि शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर लागताच, गुढी उतरविते समयीच राजशेखर यांनी मसलत मांडिली.

राजशेखर यांनी नवा रथ घेतला होता, चार चाकांचा, पांढरा, आणि तो रस्त्यावर निंबाखाली उभा राही, आणि निंबावरचे कावळे त्यावर आपला अंमल बजावीत. ते मातोश्रींस म्हणाले, "आई, अंगण वाळलंच आहे. फरशी टाकून घेऊ. गाडी आत येईल, धूळ जाईल, पाण्याचा प्रश्न मिटेल."

मथुराबाईसाहेब म्हणाल्या, "माती राहिली तेवढी एकच जागा माझी. घर तुझं, गच्ची तुझ्या टाक्यांची, स्वयंपाकघर सुवर्णाचं. मी कुठं बसू?"

"फरशीवर खुर्ची टाकून बस की."

"फरशीवर खुर्ची टाकून स्टेशनात बसतात," ऐसे मातोश्री बोलल्या आणि आत गेल्या, आणि दोन दिवस मायलेकांत मिठाइतकेच बोलणे राहिले. मग तिसरे दिवशी मातोश्रीच तहाचे कलम घेऊन बाहेर आल्या. आम्ही भिंतीवरून साक्षीस होतो. त्या म्हणाल्या, "येतं नवरात्र सोड, त्याच्या पुढचं धर. घटाची पहिली माळ आपल्या अंगणातल्या फुलांची पडली, तर फरशीचं नाव काढायचं नाही. नाही पडली, तर फरशीवाल्याला मी स्वतः दार उघडीन."

राजशेखर म्हणाले, "आणि फुलांसाठी टँकर बोलवायचा नाही."

"बोलवला तर मी हरले."

"कुठलं फूल येणार आहे बिनपाण्याचं?"

"तरवड," मातोश्री म्हणाल्या. "माझ्या माहेरी पहिली माळ तरवडाचीच असायची. माळावरनं फुलं आणायची आणि घटावर सोडायची."

नागनाथराव वर्तमानपत्रातून मान काढून म्हणाले, "तरवार? तरवार कशाला आता? या वयात कोणाशी भांडायचंय?"

"तुमच्याशीच," मातोश्री म्हणाल्या, आणि तह कायम झाला.

मग पहिली मोहीम निघाली. रिक्षा सांगितली, तीत थोरले महाराज, मातोश्री, आम्ही आणि एक पहार, ऐसा सरंजाम घेऊन नगरीबाहेर दगडाच्या खाणीपलीकडे गेलो, जेथे जुने माळरान थोडके शिल्लक आहे. तेथे चैत्राच्या उन्हात सर्व गवत जळून गेलेले, आणि त्यात तरवड मात्र हिरवा उभा, जणू त्यास दुष्काळाची वर्दी पोचलीच नाही. महाराजांनी पहार घातली, रिक्षावाल्याने हात लाविला, आणि मुरुमातून वीतभर मुळी निघाली आणि कट् करून तुटली, कारण त्या झाडाचे मूळ सरळ खाली पाताळाकडे जाते आणि झाडाहून लांब असते. तरी तेवढेच फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, बाळंतिणीसारखे जपून आणिले, अंगणात खड्डा करून बसविले, हळदीकुंकू वाहिले, आणि आठवडा भरायच्या आत ते वाळून काडी झाले. राजशेखर जाता जाता म्हणाले, "बिनपाण्याचं फूल बिनमुळाचंही चालतं वाटतं."

मग दुसरी मोहीम बियांची. त्याच माळरानावरून चपट्या तपकिरी शेंगा आणून फोडिल्या, ज्येष्ठात ढग दिसताच बी टोचिले, आणि ते साली पाऊसही पोटभर जाहला, परंतु बी उगवेना. उकरून पाहावे तो जैसे पुरले तैसे, टणक, तांदळातल्या खड्यासारखे. मातोश्री रागावल्या आणि उरलेले बी घरात नेऊन, रात्री मटकीस घालतात तैसे वाटीत कढत पाणी घालून भिजत टाकिले, कारण बायकांस आडमुठ्या दाण्याचा दुसरा उपाय ठाऊक नसतो. सकाळी पाहावे तो निम्मे बी फुगून मऊ पडलेले. ते पेरिले, आणि दहीहंडीच्या सुमारास भिंतीकडेच्या मुरुमातून तीन कोंब वर आले. मातोश्रींनी आम्हांस हाक मारून दाखविले. आम्ही दोघी म्हाताऱ्या भिंतीच्या दोहों बाजूंनी वाकून तीन कोंब पाहात उभ्या राहिलो, आणि त्या दिवशी दोन्ही घरचा भात करपला.

आता यापुढे जे जाहले ते या मुलखातच होऊ शकते, दुसरीकडे होणार नाही. जेथे रोज नळ येतो तेथे पाणी ते पाणी. येथे पाऊस पोटभर जाहला तरी नळ चौथ्या-पाचव्या दिवशीच, म्हणून पाणी दोन जातींचे, ताजे आणि शिळे. नळ यावयाचा दिवस आला, की घरातले हंडे, कळश्या, पिंपे, बादल्या, तपेली यांत जे उरले ते शिळे जाहले, ते ओतून भांडी विसळावी तेव्हा ताजे भरावे. आणि शिळे ओतावे कोठे? मोरीत ओतणे म्हणजे पाप, रस्त्यावर ओतणे म्हणजे शेजाऱ्यांचे टोमणे. मग ते झाडास. सुवर्णाबाई पिंप तिरपे करून कोंबांस घालीत आणि मनात म्हणत, सासूबाईंचा जीव आहे त्यात. नागनाथराव न्हाणीतली बादली उचलून हळूच घालीत आणि मनात म्हणत, बायकोस कळू न देता हिचे काम करावे. मातोश्री देवघरातला तांब्या आणि पिण्याच्या माठाचे तळ घालीत, आणि खरे सांगावयाचे तर एखादे समयी भिंतीवरून आमचाही हंडा पालथा होई. प्रत्येकास वाटे की या बापड्या रोपांवर दया करणारा राज्यात मी एकटाच. ऐसे तहानलेल्या नगरीत, जेथे माणसे पाण्यासाठी पहाटे उठत, तेथे ते तीन तरवड पुरात उभे होते. मार्गशीर्षात एक रोप देठाशी काळे पडून लवंडले. पौषात दुसरे गेले. तिसऱ्याची पाने पिवळी पडून खालून गळू लागली, आणि मातोश्री म्हणाल्या, "पाणी कमी पडतंय गं त्याला," आणि आणखी एक तांब्या ओतला.

मग माघ सरते समयी नळाची पाळी लांबून आठवड्यावर गेली, आणि राजशेखर यांनी वेढा घातला. किल्ला पडत नाही तेव्हा त्याचे पाणी तोडावे, ही रीत जुनीच. त्यांनी अंगणातल्या नळाची चावी काढून खिशात घातली, आणि सर्वांस बोलावून फर्मान सुनाविले. "आजपासून शिळं पाणी बाहेर जाणार नाही. सगळं संडासच्या ड्रममध्ये. अंगणात एक थेंब नाही."

मातोश्री म्हणाल्या, "आणि माझं झाड?"

"बिनपाण्याचं आहे ना? तूच म्हणालीस."

"बाळ आहे अजून ते."

"आई, माणसांना अंघोळीला पाणी नाही," राजशेखर म्हणाले, आणि बोलणे खरे होते. परंतु जाता जाता ते रस्त्यावरच्या रथाकडे पाहून किंचित हसले, ते आम्ही भिंतीवरून पाहिले आणि मातोश्रींनीही पाहिले. त्या संध्याकाळी त्या ओट्यावर पाय सोडून बसल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "संपलं. आता दुसरी खुर्ची घेऊन ये, स्टेशनात दोघी बसू."

फाल्गुन गेला. चैत्र लागला, शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सर. ऊन ऐसे पडिले की भिंतीस हात लावल्यास पोळे. एके सकाळी मातोश्री भिंतीपाशी आल्या आणि ओठ न हालविता म्हणाल्या, "वर बघू नकोस. खाली बघ." आम्ही पाहिले. पिवळी पाने गळून गेली होती, काडी उघडी जाहली होती, आणि त्या काडीस प्रत्येक पेरापाशी हिरवा ठिपका फुटला होता. कोरड्या ठणठणीत मातीत, ज्यात बोट शिरत नव्हते, ते उभे होते आणि ताठ होते. मातोश्रींनी एकेक ठिपका बोटाने मोजला. मग म्हणाल्या, "आपणच मारत होतो गं त्यांना."

आम्ही म्हटले, "राजशेखरला सांग. त्याला आनंद होईल."

"तुला काही कळत नाही. त्याला कळलं, हे जगतंय, की पोराला दया येईल. लहानपणापासून तसाच आहे. चावी काढून देईल, आणि एवढी मोठी बादली ओतील. नको. तो रागात आहे तोवर झाड सुरक्षित आहे."

ऐसा गनिमी कावा रचला गेला. त्या दिवसापासून राजमातोश्रींनी दुःखाचा वेष घेतला. राजशेखर कचेरीस निघाले, की त्या झाडापुढे आडव्या उभ्या राहून म्हणत, "एक तांब्या तरी घालू दे रे." ते म्हणत, "थेंब नाही." मग त्या पदराने डोळे पुसत, आणि रथ वळणावर गेला की आमच्याकडे वळून म्हणत, "झालं. आणखी आठ दिवसांची सोय झाली." सुवर्णाबाईंस कटात घेतले, कारण पाण्याचे खाते त्यांजकडे. त्या जेवताना म्हणत, "अहो, आईंचं झाड बघवत नाही हो," आणि राजशेखर भाकरी मोडीत म्हणत, "नियम सगळ्यांना सारखा." एकटे नागनाथराव कटाबाहेर राहिले, कारण त्यांस गुप्त गोष्ट सांगावयाची तर सबंध वसाहतीस ऐकू जाई. त्यांजवर मात्र नजर ठेवावी लागे, आणि ती चाकरी आमच्याकडे होती. ते बादली घेऊन दाराशी आले की आम्ही भिंतीवरून विचारावे, "भाऊजी, तुमच्या वेळी पंढरपूरची गाडी किती वाजता सुटायची?" मग ते बादली खाली ठेवून सर्व गाड्या सांगत, आणि गाड्या संपेपावेतो सुवर्णाबाई बादली आत नेत.

वेढ्यात झाड वाढले. ज्येष्ठात गुडघ्यास आले, आषाढात कमरेस, फांद्या पसरल्या, आणि पाऊस जो थोडका पडला तो त्यास पुरला. राजशेखर यांनी पाहिले नाही ऐसे नव्हे. परंतु हिरवे झाड म्हणजे फूल नव्हे, आणि तह फुलाचा होता, ऐसे मनात धरून ते गप्प राहिले, आणि फरशीचे नमुने आणून खिडकीत मांडून ठेविले, करडा, तांबडा आणि ठिपक्यांचा. मातोश्री येता जाता नमुने पाहात आणि दुःखाचा वेष आवरीत. मग भाद्रपद वद्यात शेंड्यांवर हिरव्या मण्यांचे घोस दिसू लागले. कळ्या. नवरात्र दाराशी आले, आणि कळ्या घट्ट मिटलेल्या, आणि याच दिवसांत एक ज्यादा तांब्या पडता तरी त्या गळून जात्या, ऐशी मातोश्रींस धास्ती पडिली. त्यांस रात्री झोप लागेना. आम्हांस म्हणाल्या, "आता दोन आठवडे तो रागात राहायला हवा. मी भांडण काढू का काही?"

परंतु भांडण काढण्याआधीच, सर्वपित्री अमावास्येच्या तिसऱ्या प्रहरी, पितरांस घास टाकून मंडळी आडवी झाली असता, आम्ही आमच्या ओट्यावर वाती वळीत होतो, तो राजशेखर हळूच बाहेर आले. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला, आणि ताज्या पाण्याचा. इकडे तिकडे पाहिले आणि झाडाशी जाऊन उभे राहिले. आमच्या हातातला कापूस खाली पडला. आम्ही हाक मारावी की न मारावी या विचारात, तो दारातून मातोश्री अनवाणी आल्या.

"राजू, तो तांब्या ठेव खाली."

ते चोरासारखे दचकले. म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच घालतोय. चार कळ्या आल्यात. उद्या घट बसणार. माळ पडू दे. फरशीचं बघू नंतर."

"ठेव म्हणते ना. मरेल ते."

"पाण्यानं?"

मग मातोश्री ओट्यावर बसल्या आणि सर्व सांगितले, शिळ्या पाण्यापासून पदराने डोळे पुसण्यापावेतो, काही राखिले नाही. राजशेखर तांब्या धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी सात महिने वाईट होतो, आणि तुम्ही सगळ्या मिळून मला वाईट ठेवलंत."

"तू झाला होतास. आम्ही फक्त ठेवलं."

"आणि सुवर्णा? ती रोज जेवताना रडायची."

"ती माझ्याहून चांगली रडते," मातोश्री म्हणाल्या.

राजशेखर भिंतीकडे वळले. "काकू, तुम्हीपण?"

आम्ही म्हटले, "मी फक्त एस.टी.चं वेळापत्रक बघत होते बाबा."

ते उभे राहिले, एकदा झाडाकडे पाहिले, एकदा खिडकीतल्या फरशीच्या नमुन्यांकडे. मग त्यांनी तो तांब्या तोंडास लाविला आणि एका दमात सारे पाणी पिऊन टाकिले, आणि मनगटाने मिशा पुसून आत गेले. मातोश्री त्यांच्यामागे आत गेल्या, आणि आम्ही पुन्हा वाती वळो लागलो. संध्याकाळी थोरले महाराज नेमाने बादली घेऊन दाराशी आले, तो राजशेखर आडवे झाले आणि बापाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "अप्पा, पाणी नको. त्याला चालत नाही." तेव्हा आम्ही जाणले की वेढा घालणारा होता तोच आता किल्लेदार जाहला.

आश्विन शुद्ध प्रतिपदा. पहाटे पाहावे तो रात्रीत घोस उमलले होते, सबंध झाड पिवळे, आणि मधमाश्या आमच्याही आधी दर्शनास आलेल्या. राजशेखर यांनी स्नान करून आपल्या हाताने फुले खुडिली, अर्धी झाडास ठेविली. सुवर्णाबाईंनी दोऱ्यात ओविली. घट बसला, आणि पहिली माळ अंगणातल्या तरवडाची पडली. मथुराबाईसाहेब देवापुढे बसल्या त्या उठेनात, आणि थोरले महाराज मोठ्याने म्हणाले, "फुलं कुठून आणली? बाजारात तर झेंडूच होता." पूजा आटोपल्यावर राजशेखर म्हणाले, "तहाप्रमाणे मी हरलो." आणि खिडकीतले तिन्ही नमुने उचलून मुख्य दरवाजापाशी चिखलाच्या जागी पायपुसण्याखाली घालून टाकिले.

दसऱ्यास सोने द्यावयास मंडळी आली, कचेरीतली, वसाहतीतली, आणि राजशेखर प्रत्येकास धरून झाडापाशी नेत. "हे आम्ही वाढवलंय," म्हणत. "तरवड. एक थेंब पाणी घालायचं नाही, हीच यातली मेख आहे. लोकांना जमत नाही. लोकांना घातल्याशिवाय राहवत नाही. मन घट्ट करावं लागतं." मंडळी मान डोलावीत आणि बी मागत, आणि ते कढत पाण्यात भिजविण्याची कृती सांगत, जणू त्यांनीच काढली. मथुराबाईसाहेब मागे उंबऱ्यात आपट्याची पाने घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सर्व ऐकिले. आमची त्यांची दृष्टादृष्ट झाली, तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतला, आणि पुत्राच्या पराक्रमात एक अक्षर कमी केले नाही.

ऐसा हा वेढा उठला. अंगण मातीचे राहिले, रथ रस्त्यावर कावळ्यांच्या अमलात राहिला, आणि राज्याची पिवळी निशाणे भिंतीवरून आमच्याही हद्दीत आली, त्यास आमची हरकत नाही. जैसे पाहिले तैसे लिहिले. अधिक-उणे असल्यास ते वयाच्या खात्यावर मांडावे. लेखनसमयी सर्व मंडळी खुशाल असत.